कोक्कोनेनचं रिक्विएम: काही महिने ऐकल्यानंतर

मोत्झार्ट आणि वेर्दी ऐकून वाढलेल्या कानांना रिक्विएम, म्हणजे मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनांचं संगीत, म्हटलं की अंतिम न्यायाचा दिवस आठवतो, कोरस अंगावर धावून येतो. फिनलंडचे संगीतकार योनास कोक्कोनेन यांचं रिक्विएम त्या वाटेला जातच नाही. पत्नी माइया १९७९ मध्ये गेली. तिच्या स्मरणार्थ त्यांनी हे लिहिलं आणि १९८१ मध्ये पूर्ण केलं. देवाच्या कोपाचा 'डिएस इरे' हा भाग त्यांनी सरळ वगळलाय.

मी ऐकते ते रेकॉर्डिंग उल्फ सॉडरब्लूम आणि लाहती सिम्फनी ऑर्केस्ट्राचं. सोप्रानो सोइले इसोकोस्की, बॅरिटोन वाल्टन ग्रोनरूस. इसोकोस्कीचा आवाज वर चढतानाही कुठे टोचत नाही.

पहिले काही दिवस संगीत फार आवरतं घेतल्यासारखं वाटलं. मग लॅटिन संहिता समोर ठेवून ऐकायला लागले आणि रचनेचा धागा हाती आला. पहिल्याच प्रार्थनेत मृतांवर अखंड प्रकाश पडो असं मागणं आहे. तिसऱ्या भागात, 'ट्रॅक्टस'मध्ये, पापाच्या बंधनातून सुटका मागता मागता प्रकाशाची तीच ओढ पुन्हा येते. पुढे 'दोमिने येसू'मध्ये संत मायकेल आत्म्यांना पवित्र प्रकाशात नेतो. एरवी 'लुक्स एतेर्ना', म्हणजे अखंड प्रकाशाची प्रार्थना, आधी होतं आणि मृताला स्वर्गात पोचवणारं 'इन पॅराडिसुम' अंत्यविधीला, सगळ्यात शेवटी; फ्रेंच संगीतकार फोरेचं रिक्विएमही तिथेच संपतं. कोक्कोनेन हा क्रम उलटा करतात. स्वर्गात पोचवून झाल्यावरही ते थांबत नाहीत, नववा आणि शेवटचा भाग 'लुक्स एतेर्ना'चा. पत्नीसाठी नवऱ्याने केलेली ही निवड मला सगळ्या रचनेत सर्वात हळवी वाटते.

एके काळी बारा स्वरांच्या पद्धतीत, म्हणजे कुठल्याच स्वराला मुख्य न मानता, लिहिणारे कोक्कोनेन इथे साधे मेजर कॉर्ड, कानाला उजळ वाटणारे स्वरमेळ, उघडपणे वाजू देतात. इतक्या आत जाऊन आलेली ती सहजता आहे, म्हणून ती गोडगोड होत नाही.

ऐकताना दोन गोष्टी सांभाळा. फोनच्या स्पीकरवर खालचे तंतुवाद्यांचे स्वर हरवतात, तेव्हा हेडफोन हवाच. आणि शफल बंद ठेवा. पाऊण तासाच्या आत सगळं संपतं, एका बैठकीत ऐका. नुसते आवडते भाग निवडून ऐकले तर शेवटच्या भागात काय मिळालं ते कळणारच नाही.