शॉर्टफिल्म झाली, आता पाठवायची कुठे?

गेल्या महिन्यात चिपळूणच्या एका मुलाचा फोन आला. फिल्म तयार आहे, २२ मिनिटांची, खिशात वीसेक हजार उरलेत. "दादा, फेस्टिव्हलना पाठवू की सरळ यूट्यूबवर टाकून मोकळा होऊ?" मी एसटीत होतो, आवाज धड येईना, म्हणून "नंतर बोलू" म्हटलं. ते नंतर म्हणजे हे.

आधी माझी कुंडली. पहिली फिल्म २६ मिनिटांची. जिथे जिथे अर्ज भरता येतो तिथे तिथे ती पाठवली. दुसरी १७ मिनिटांची, रत्नागिरीकडे हापूसच्या बागांत मोहोरापासून पावसापर्यंत राखणीला राहणाऱ्या एका नेपाळी गड्यावरची. आमच्याकडे सगळ्यांना सरसकट गुरखाच म्हणतात. ती मोजून पाच ठिकाणी पाठवली. तिसरी ९ मिनिटांची, अजून साउंडला अडकली आहे. म्हणजे मी जाणकार वगैरे नाही, पण ज्या चुका केल्या त्या स्वतःच्या पैशाने केल्या.

पैसे भरा, लॉरेल घ्या

फिल्मफ्रीवे हे कॅनडात २०१४ साली सुरू झालेलं संकेतस्थळ. चांगले फेस्टिव्हलही प्रवेशिका तिथेच घेतात, तेव्हा दोष संकेतस्थळाचा नाही. ते नुसतं काउंटर आहे. पण त्याच काउंटरवर एक वेगळी जमात बसलेली असते: दर महिन्याला भरणारे 'आंतरराष्ट्रीय' महोत्सव. नावात लंडन, टोकियो, पॅरिस असं काहीतरी, आणि थिएटर कुठेच नाही.

पहिल्या फिल्मसाठी मी अशा १४ ठिकाणी पैसे भरले. दहा-वीस डॉलर म्हणजे एका वेळी काही वाटत नाही. कार्डाचं बिल आलं तेव्हा वाटलं. १४ पैकी ११ ठिकाणी 'निवड' झाली. प्रत्येक निवडीबरोबर पोस्टरवर छापायला पानांचं एक चिन्ह मिळतं, तेच लॉरेल. पोस्टरवर ही पानं इतकी झाली की नायकाचा चेहरा तोरणामागे गेला. एका ठिकाणी 'सर्वोत्कृष्ट दिग्दर्शक' ठरलो. प्रमाणपत्राची पीडीएफ आली, त्यात माझं आडनाव चुकलेलं, आणि खाली ट्रॉफी हवी असल्यास तिचे वेगळे पैसे. या अकरा महोत्सवांत माझी फिल्म एकाही अनोळखी माणसाने पडद्यावर पाहिली नाही.

एका 'निवडी'ची गंमत तर विमिओने उघड केली. फिल्म तिथे ठेवून तिची लिंक महोत्सवांना पाठवतात. त्यांना दिलेली लिंक वेगळी ठेवली होती, म्हणून ती किती वेळा पाहिली याचे आकडे दिसायचे. अभिनंदनाचा मेल आला त्या दिवशी त्या लिंकवर प्ले शून्य. न पाहताच आवडलेली फिल्म!

ओळखायचे कसे? गेल्या वर्षीचं वेळापत्रक मागायचं, ज्यात थिएटरचं नाव, वार आणि वेळ छापलेली असेल. पारितोषिकांचे विभाग मोजायचे. पन्नास विभाग असतील तर ती जत्रेतली रिंग टाकण्याची स्पर्धा समज. कुठे ना कुठे रिंग अडकतेच.

देशातले महोत्सव

इथे मी जरा जास्त बोलणार, कारण तुझा निर्णय बहुधा इथेच व्हायचा आहे.

मुंबईचा मिफ म्हणजे माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनचा महोत्सव. १९९० साली सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनने सुरू केला, आता एनएफडीसीकडे, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाकडे आहे. सुवर्ण शंख हा पुरस्कार त्यांचाच. पण तो दर दोन वर्षांनी भरतो, सम वर्षी. ही गोष्ट साधी वाटते आणि तीच नडते. फिल्म किती जुनी चालेल याची मर्यादा असते. तुझी फिल्म चुकीच्या महिन्यात पूर्ण झाली तर फेरा हुकतो. महाराष्ट्रातल्या माणसाला परवडणारा हाच सगळ्यात मोठा मंच, त्यामुळे कॅलेंडर आधी त्याचं बघ.

इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, १९५२ पासूनचा, २००४ पासून कायमचा गोव्यात. तिथल्या इंडियन पॅनोरमा या भारतीय फिल्मच्या विभागात लघुपट-माहितीपटांसाठी नॉन-फीचर गट आहे. निवडल्या जाणाऱ्या फिल्म विसाच्या आसपास, आणि त्या अख्ख्या देशातून. तिकडे पाठव, पण त्यावर गणित बांधू नकोस. आपल्या पुण्याच्या पिफमध्ये, म्हणजे पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, मराठी स्पर्धा पूर्ण लांबीच्या चित्रपटांची असते. नाव घरचं म्हणून शॉर्टफिल्मचं दार तिथेच असेल असं धरून चालू नये.

आणि केरळचा आयडीएसएफएफके, माहितीपट-लघुपटांचा महोत्सव, तिरुवनंतपुरमला, २००८ पासून. माझी दुसरी फिल्म तिथे लागली. रत्नागिरीहून नेत्रावती एक्सप्रेस पकडली, दिवसभर आणि वर काही तास स्लीपरमध्ये काढून उतरलो. कैरळी-श्री-निला हे थिएटर स्टेशनपासून चालत जाण्यासारखं. बाहेर रांग होती. शॉर्टफिल्म बघायला, कामाच्या दिवशी, सकाळी! मी रांगेतल्या माणसाला विचारून खात्री करून घेतली की ही आपल्याच शोची रांग आहे. दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन यांनी तिथे १९६५ साली चित्रलेखा ही फिल्म सोसायटी, म्हणजे चांगले चित्रपट बघणाऱ्यांची संस्था, सुरू केली होती. त्या मशागतीचं पीक आपल्याला आयतं मिळतं. तशीच प्रभात चित्र मंडळ ही संस्था मुंबईत १९६८ पासून आहे, पण शॉर्टफिल्मसाठी अशी रांग मी आपल्याकडे अजून पाहिलेली नाही. असो.

शो संपल्यावर निवृत्त शिक्षक वाटणारे एक गृहस्थ भेटले. फिल्ममध्ये बागायतदार गुरख्याला सारखं "किती पेट्या भरल्या?" विचारतो. मी सबटायटलमध्ये आधी 'बॉक्स' लिहिलं होतं, मग 'क्रेट', पुन्हा 'बॉक्स'. दोन रात्री त्यावर घालवल्या. ते गृहस्थ म्हणाले, "पेट्टी आमच्याकडेही पेट्टीच. खाली वाचायची गरजच पडली नाही." ट्रॉफी मिळाली नाही. परतीच्या गाडीत त्याचं काही वाटलं नाही.

उलट अनुभवही सांगतो. आपल्याकडच्याच एका गावच्या महोत्सवात तीच फिल्म लागली तेव्हा पहिले तीन मिनिटं संवाद ऐकूच येईनात, नुसते रातकिडे. मी प्रोजेक्शनच्या खोलीकडे धावलो. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "साहेब, आमचं मशीन बरोबर आहे, तुमच्या सेंटरमध्ये काहीच नाहीये." खरं होतं. मी आवाजाचा मिक्स हेडफोनवर, स्टिरिओत केला होता. थिएटरमध्ये संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून यावे लागतात. माझे डाव्या-उजव्या बाजूला विखुरलेले, आणि त्यावर रातकिड्यांचं किर्तन. तेव्हा वीस हजारातले पहिले पैसे कशावर घालवायचे ते सांगतो: थिएटरचा अंदाज असलेल्या माणसाकडून मिक्स आणि नीट डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी डिजिटल प्रत. डीसीपी २४ फ्रेमवर कर, सबटायटल खालच्या कडेला चिकटवू नकोस (पडद्याच्या कडेचं काळं कापड, म्हणजे मास्किंग, एक ओळ खातं), आणि पाठवण्याआधी ओळखीच्या थिएटरात सकाळच्या शोआधी पाच मिनिटं लावून बघ. चहा पाजला की बहुतेक ऑपरेटर लावतात.

सेन्सॉरचा एक मुद्दा. महोत्सवातल्या प्रदर्शनाला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळू शकते, म्हणून तिथे प्रमाणपत्रावाचून निभावतं. राष्ट्रीय पुरस्काराला मात्र प्रमाणपत्र लागतंच. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या' या शॉर्टफिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, मग 'फँड्री' आला, हे उदाहरण प्रत्येक जण तोंडावर फेकतो. प्रमाणपत्राच्या कागदांबद्दल कोणी बोलत नाही. माझ्या फिल्ममध्ये गुरखा बिडी ओढतो, तर धूम्रपानाचा इशारा आला. त्याचा कुत्रा आहे आणि तो माकडं हाकलतो, तर प्राणी कल्याण मंडळाचं ना-हरकत पत्र आलं. फिल्ममध्ये जनावर असेल तर हे शूटिंगच्या आधी बघायचं, नंतर नाही.

सातासमुद्रापार

इथे लांबी बोलते. फ्रान्सच्या कान महोत्सवाच्या शॉर्टफिल्म स्पर्धेला मर्यादा १५ मिनिटांची, श्रेयनामावली धरून. व्हेनिसला २०, बर्लिनला ३०, क्लेरमाँ-फेराँला ४०, ऑस्करच्या पात्रतेलाही ४०. तुझी २२ मिनिटांची. म्हणजे कान आणि व्हेनिस आत्ताच खोडून टाक, तेवढंच शुल्क वाचलं. त्या हट्टापायी चांगली फिल्म कापू नये. पण खरं विचारशील तर बावीसपैकी चार मिनिटं कशी जातील ते एकदा एडिटरसोबत बसून बघच. शो दीड तासाचा असतो, त्यात पाच-सहा फिल्म बसवायच्या असतात. २२ मिनिटांची फिल्म घेणं म्हणजे दुसऱ्या दोघांची जागा देणं. पहिल्या चाळणीला बसलेला माणूस लॅपटॉपवर बघतो, आणि तुझं ड्रोनमधून दिसणारं गाव त्याने त्या दिवशी आधीच सात वेळा पाहिलेलं असतं.

कानबद्दल आणखी एक. तिथे शॉर्ट फिल्म कॉर्नर नावाचा बाजार आहे, २००४ पासून. पैसे भरून नोंदणी करता येते, लोक भेटतात, उपयोगही होतो. पण ती निवड नव्हे. 'कानमध्ये झळकली' अशा बातम्या आपल्या पुरवण्यांत छापून येतात त्यातल्या काही या बाजारातल्या असतात. ला सिनेफ विभाग वेगळा, तो फिल्म शाळांच्या विद्यार्थ्यांसाठी. २०२४ साली पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म शाळेच्या चिदानंद नाईक यांना तिथे पहिलं पारितोषिक मिळालं. आपण बाहेरून शिकलेले, आपल्याला ते दार नाही.

एकच परदेशी महोत्सव निवडायचा असेल तर मी क्लेरमाँ-फेराँ म्हणेन. फ्रान्समधलं टायरच्या कारखान्याचं गाव. १९८२ पासून दर हिवाळ्यात शॉर्टफिल्मसाठी येड लागल्यासारखं गोळा होतं. मोठं सभागृह १,४०० आसनांचं, आणि महोत्सवाची एकूण हजेरी दीड लाखाच्या वर. लगतच शॉर्टफिल्मचा बाजारही भरतो, जिथे टीव्हीवाले खरोखर विकत घेतात. मला तिथून नकार आला. दोन ओळींचा, पण लिंकवर प्ले होता, शेवटपर्यंतचा. तो मेल जपून ठेवलाय.

यूट्यूब

यूट्यूबला वाईट म्हणणारे बहुतेक जण स्वतःची फिल्म टाकून बसलेले असतात. तिथे परवानगी नको, डीसीपी नको, प्रवास नको. पैसे मात्र विसर: जाहिरातींचा वाटा सुरू व्हायलाच १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचा पाहणीवेळ लागतो. एका शॉर्टफिल्मच्या चॅनेलला हे म्हणजे भाताच्या एका लोंबीवर कोठार भरणं.

आणि प्रेक्षक कुठल्या सेकंदाला निघून गेले ते दाखवणारा तो आलेख! माझ्या फिल्मचा पहिला शॉट दीड मिनिटाचा: पहाट, बाग, लांबून येणारा टॉर्च. तिरुवनंतपुरमला त्या शॉटला खोकलासुद्धा आला नाही. यूट्यूबवर चाळिसाव्या सेकंदाला आलेख कड्यावरून पडल्यासारखा खाली. शॉट तोच, फक्त अंधार नव्हता आणि अंगठा मोकळा होता.

मुख्य धोका क्रमाचा आहे. आधी यूट्यूब आणि मग महोत्सव हा रस्ता बऱ्याच मोठ्या ठिकाणी बंद असतो. बर्लिन, व्हेनिससारख्यांना फिल्म कोरी हवी असते. ऑस्करची पात्रता हवी असेल (बेंगळुरूच्या लघुपट महोत्सवात जिंकलं तर ती मिळू शकते) तर आधी इंटरनेटवर खुली टाकून चालत नाही. उलटा क्रम मात्र कुणाला खुपत नाही. महोत्सवांचा फेरा वर्ष-दीड वर्षाचा. त्यानंतर टाक, हवी तितकी टाक.

वाडीतला पडदा

याला कुठला लॉरेल नाही. गणपतीत चाकरमानी आले तेव्हा आम्ही शाळेच्या पडवीत पांढरी चादर बांधून फिल्म दाखवली. अर्ध्यात लाईट गेली, मग जनरेटर. फिल्म संपल्यावर एक आजोबा उठले: "तुझा गुरखा गलोल मारतो. आमच्याकडे दहा वर्षांत कोणी गलोल घेतली नाही. फटाके लावतात. माकडं काय खुळी आहेत?" दिग्दर्शक म्हणून जन्मात इतका उघडा पडलो नव्हतो. एकाही परीक्षकाने हे पकडलं नव्हतं, पकडणार कसा?

तुझ्यापुरतं

तर वीस हजार आणि २२ मिनिटं. बारा हजार मिक्स, डीसीपी आणि सबटायटल तपासणाऱ्या माणसाला. उरलेल्यात केरळ, मिफचं वर्ष असेल तर मिफ, क्लेरमाँ, आणि धरमशालेचा महोत्सव. तो २०१२ पासून बहुधा नोव्हेंबरच्या सुरुवातीला भरतो, पारितोषिकांपेक्षा बघण्याबोलण्यावर भर, डोंगरात चार दिवस बरे जातात. शुल्क जास्त वाटलं तर सवलतीसाठी मेल टाक. चार ओळींचा, रडगाणं न गाता. मला पाचपैकी दोघांनी दिली. मासिक महोत्सवांना एक रुपया नाही. घरच्यांना दाखवायला लॉरेल लागतंच असेल तर फोटोशॉपवर स्वतः काढ, निदान आडनाव बरोबर येईल.

यूट्यूबचा विचार त्यानंतर. माझी फिल्म तिथे गेली ती दीड वर्षाने, आणि टाकली त्याच आठवड्यात नेपाळहून व्हिडिओ कॉल आला. आमचा गुरखा पावसाआधी गावी परतला होता. तिरुवनंतपुरम, क्लेरमाँ ही नावं त्याच्या गावीही नव्हती. फोन भिंतीला टेकवून घरचे सगळे दाटीवाटीने बसलेले. त्याच्या बायकोला एकच विचारायचं होतं: तो झोपडीत जेवतो त्या शॉटमध्ये ताटात भाजी का नाही. मी म्हटलं, शूटिंगच्या दिवशी होती, माझ्या माणसांनी खाल्ली.