यवतेश्वरचा घाट: घड्याळावर पळावं की श्वासावर?
साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनची, म्हणजे २१.१ किलोमीटरची, तयारी करून घेताना काही प्रशिक्षक दर किलोमीटरची वेळ ठरवून देतात. सपाट रस्त्यावर हे उत्तम. पण यवतेश्वरच्या चढाला तोच वेग धरला की धाप लागते, पिंढऱ्या भरून येतात आणि पुढे उतारावर पाय ऐकत नाहीत.

दुसरे सांगतात, श्वासावर पळा. चढावरही एखाददुसरं वाक्य बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर खुशाल चार पावलं चाला. मला हीच सवय मोलाची वाटते, कारण ऊन, समोरचा वारा, अपुरी झोप या सगळ्याचा हिशेब श्वास आपोआप करतो. नवख्यांना मात्र इतका धीर धरवत नाही, तिथे प्रशिक्षकानेच सोबत पळावं. घड्याळ आठवड्यातून एकदा, सपाटीवरच्या वेगाच्या सरावाला जरूर लावा.