टायपिंगवरून स्वभाव ओळखणारं ॲप : आठ महिन्यांचा अनुभव

डिसेंबरात घेतलं, आता ऑगस्ट संपत आला. फोनला या ॲपचा कीबोर्ड लावायचा. मजकूर वाचत नाही, फक्त लिहिण्याची ढब टिपतं, असं कंपनी सांगते: बटण किती वेळ दाबलं, पुढच्यावर बोट कधी गेलं, किती खोडलं, रात्री फोन कितीदा उघडला. दर रविवारी स्वभावाचे पाच आकडे येतात: नावीन्याची ओढ, काटेकोरपणा, बहिर्मुखता, जुळवून घेणं, चिंता. मानसशास्त्रातले हे पाच गुण जुनेच.

२०१५ च्या एका अभ्यासाबद्दल वाचून मी याकडे वळले. फेसबुकच्या १० लाइक्सवरून संगणकाने सहकाऱ्यापेक्षा आणि सुमारे ३०० वरून जोडीदारापेक्षाही अचूक स्वभाव ओळखला होता. पण लाइक म्हणजे आपली आवड. बोटांचा वेग कामावर, थकव्यावर, लिपीवर ठरतो, हे वापरल्यावर कळलं.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याच्या दुकानात हिशेब बघते. ‘लक्ष्मीपुरी’ लिहितानाच जोडाक्षरापाशी दोनदा अडते, खोडते. ॲपच्या लेखी ती माझी द्विधा मनःस्थिती! दोन आठवडे मुद्दाम इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, तर काटेकोरपणा लगेच वर चढला.

मार्चमध्ये मात्र त्याने मला वेळेवर सावध केलं. सलग तीन आठवडे वेग उतरत होता, चुका वाढत होत्या आणि मला पत्ताच नव्हता. डॉक्टरांकडे गेले, तर हिमोग्लोबिन बरंच खाली आलेलं. तेवढ्यासाठी मी याची ऋणी आहे. आपल्याच कालच्याशी आजची तुलना हे ॲप चांगली करतं.

जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडे निघालं. आम्ही शुक्रवार पेठेत राहतो. रात्रभर दर अर्ध्या तासाने फूट-इंच बघायचे आणि मावशीला कळवायचं. रविवारी चिंतेचा आकडा लाल झाला, खाली सल्ला: ‘रात्री फोन दूर ठेवा.’ त्या रात्री आमच्या गल्लीत फोन दूर ठेवून कुणीही झोपलं नव्हतं.

गेल्या आठवड्यात मालक म्हणाले, “पोरांच्या मोबाइलात पण टाकूया की, कोण कसा आहे कळंल तरी.” युरोपीय संघात कामाच्या जागी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर वैद्यकीय आणि सुरक्षेचं कारण वगळता फेब्रुवारी २०२५ पासून बंदी आहे, हे त्यांना सांगितलं. मग जुलैचा तो लाल आलेख त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तारीख बघितली आणि फोन परत दिला.