ग्लास फिल्ड नायलॉन रॉड : काळा दिसला म्हणून ग्लासवाला समजू नका

भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक मिलिंग, बहुतेक काम मेंटेनन्सचं. एका पार्टीच्या पॅकिंग मशीनला साध्या कास्ट (साच्यात ओतलेल्या) नायलॉनचे स्पेसर, म्हणजे दोन भागांत अंतर ठेवणारे तुकडे, करून द्यायचो, पण नायलॉन पाणी पितो ना, पावसाळा लागला की स्पेसर फुगून जाम बसायचे आणि दर जुलैत फोन ठरलेला. शेवटी 30 टक्के ग्लासवाला, म्हणजे काचेचे बारीक तंतू मिसळलेला, नायलॉन 66 मागवला, 50 एमएमचा काळा रॉड, 300 एमएमचे पीस.

पहिला लॉट आला तेव्हा हातातच हलका वाटला. काट्यावर ठेवला तर 670 ग्रॅम. आता साध्या नायलॉनची डेन्सिटी (ग्रॅम प्रति घन सेंमी) 1.14 च्या आसपास आणि ग्लासवाल्याची 1.36, म्हणजे एवढा पीस 800 ग्रॅमच्या घरात जायला पाहिजे, हिशोब सरळ आहे. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, साहेब काळा म्हणजे ग्लासच! मग थोडा बुरा काढून लायटरवर धरला, सगळं वितळून टपकलं, मागे काहीच नाही. ग्लास असेल तर तंतूंचा पांढुरका सांगाडा शिल्लक राहतो. फोटो पाठवले, तेव्हा कुठे माल बदलून मिळाला, दुसरा पीस 805 ग्रॅम भरला. भाव म्हणाल तर किलोवर विकतात, त्यात रेट जास्त आणि रॉड पण जड, डबल मार.

माल मात्र एक नंबर, कडक आहे आणि पातळ कट घेताना साध्या नायलॉनसारखा टूलपासून दबून पळत नाही. फक्त एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूलने सुरुवात करू नका, माझी धार तिसऱ्या जॉबलाच गेली, अॅल्युमिनियम कापायची शार्प कार्बाइड टिप लावली तेव्हा काम सुरळीत झालं. रफ टर्निंग करून रात्रभर तसेच ठेवले आणि सकाळी फिनिश साइज काढला, कारण एक्स्ट्रुडेड (डायमधून दाबून काढलेल्या) रॉडमध्ये ताण असतो. चकाकी येत नाही, मॅटच राहतो. ड्रिल आरपार निघताना कडा उडतात, खाली लाकडाचा तुकडा धरा. आणि मास्क लावा रे बाबांनो, ती धूळ लय खाजते, आमच्या पोऱ्याने हाफ शर्ट घातला होता, तो दोन दिवस हात खाजवत बसला.

स्पेसर गेल्या जूनला बसवलेत, अख्खा पावसाळा गेला, फोन नाही. पाणी हा पण पितो, पण कमी, आणि फुगतो पण कमी.

चूक माझी झाली ती पुढे. उरलेल्या तुकड्यात साध्या एमएस (माइल्ड स्टील) शाफ्टसाठी बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी, करून दिला, म्हटलं कडक आहे, टिकेल. बुश टिकला हो, शाफ्टलाच खाचा पडल्या, ग्लासच्या तंतूंनी कानशीसारखं घासलं. बुशला ऑइल फिल्ड (तेल मिसळलेला) कास्ट नायलॉनच घ्यायला हवा होता. तो शाफ्ट वेल्डिंग करून परत टर्न करून दिला, आणि त्याचं बिल लावायची हिंमत काही झाली नाही.