कागद हरवले बँकेने, सही मागतात तुमची

गृहकर्ज फिटले, ना-हरकत पत्रही मिळाले. बँकेकडे ठेवलेला घराचा मूळ करारनामा घ्यायला गेलात की शाखेत उत्तर ठरलेले असते: "फाइल सेंट्रल स्टोरेजला आहे, मागवलीय." हे बरेच दिवस ऐकल्यावर एकदा मॅनेजर केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात आणि टाइप केलेले कागद पुढे करतात. "फक्त फॉर्मॅलिटी आहे, सही करा." तोवर होता तो बँकेचा हलगर्जीपणा. फसवणूक सुरू होते ती या सहीपासून.

त्यातला सगळ्यात घातक कागद म्हणजे पोलिस ठाण्यात द्यायचा गहाळ झाल्याचा अर्ज, तोही तुमच्या नावाने. "माझ्याकडून कागदपत्रे गहाळ झाली" असे एकदा सरकारदरबारी नोंदले गेले की बँक मोकळी. पुढे कितीही भांडलात तरी बँकेचा वकील तोच दाखला ग्राहक आयोगापुढे ठेवतो. कागद बँकेच्या ताब्यात होते, म्हणून तक्रार बँकेनेच द्यायची आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीसही बँकेनेच स्वखर्चाने काढायची. तिच्या मजकुरात "बँकेच्या ताब्यातून गहाळ" हे शब्द असलेच पाहिजेत. दुसरा कागद इन्डेम्निटी बॉण्ड, म्हणजे पुढे नुकसान झाल्यास ते भरून देण्याची लेखी हमी. तो बँकेने तुम्हाला लिहून द्यायचा असतो, इथे उलटाच मागतात. आणि किरकोळ रकमेच्या धनादेशाबरोबर "पूर्ण व अंतिम, तक्रार नाही" अशी पोच मागितली, तर ती तिथेच परत करा.

रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेला नियम शाखेत सहसा कोणी आपणहून सांगत नाही. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद परत करायचे आणि नोंदवलेला बोजाही उतरवायचा. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांचे कागद परत करायची वेळ आली, त्या सगळ्यांना हा नियम लागू आहे. त्यात सहकारी बँका आणि गृहवित्त कंपन्याही येतात. कागद हरवले किंवा खराब झाले असतील, तर प्रमाणित नकला मिळवून देण्यात मदत करणे आणि त्याचा खर्च उचलणे बँकेवर बंधनकारक आहे. मात्र त्यासाठी तिला आणखी ३० दिवस मिळतात, आणि दिवसाची भरपाई ६० दिवसांनंतर मोजली जाते.

खरी मेख इथे आहे. वाढीव मुदत फक्त कागद हरवले असतील तरच मिळते. नुसते "स्टोरेजमधून यायचेत" असे असेल, तर मीटर ३१व्या दिवसापासून चालू. म्हणजे कर्ज फिटल्यावर १०० दिवस उलटले असतील, तर हरवल्याच्या प्रकरणात ४० दिवसांचे २ लाख होतात आणि निव्वळ उशिराच्या प्रकरणात ७० दिवसांचे साडेतीन लाख. म्हणून ३० दिवस संपताच ईमेलवर एकच प्रश्न विचारा: कागद हरवलेत की उशीर आहे, आणि कारण काय? उशिराचे कारण कळवणे हेही नियमातच आहे. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका. दिवस मोजायचे ते शेवटचा हप्ता भरून खाते शून्य झाल्यापासून, ना-हरकत पत्रावरच्या तारखेपासून नव्हे. ते पत्र मुद्दाम उशिरा काढले जाऊ शकते, म्हणून शून्य शिल्लक दाखवणारा खातेउतारा जवळ ठेवा.

"नक्कल मिळतेच की, मग नुकसान कसले?" हा बँकेचा आवडता युक्तिवाद. नोंदणीकृत करारनाम्याची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा गोषवारा) दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, शेअर सर्टिफिकेटची दुय्यम प्रत सोसायटी देते. पण आधीच्या मालकांच्या साखळीतले नोंदणी न झालेले करार, वाटपपत्रे किंवा बिल्डरच्या पावत्या कुठून आणणार? शिवाय गहाण मूळ दस्तावर होते. नुसती प्रमाणित प्रत पाहून पुढच्या खरेदीदाराची बँक कर्ज द्यायला कचरते, आणि खरेदीदार भाव पाडतो.

बंगळुरूच्या एका प्रकरणात बँकेने कुरिअरवर बोट दाखवले होते, कारण कागद हैदराबादच्या साठवणुकीकडे जाताना वाटेत हरवले होते. बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या लोकपालांनी बँकेला फक्त २५,००० रुपये द्यायला सांगितले होते. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२३ मध्ये कुरिअरची सबब फेटाळली आणि २५ लाख भरपाई, बँकेच्या खर्चाने प्रमाणित नकला आणि बँकेकडूनच इन्डेम्निटी बॉण्ड, असा आदेश दिला. दिवसाचे ५,००० घेतले म्हणून हा वेगळा दावा बुडत नाही, नियमातच तसे म्हटले आहे.

तक्रार आधी बँकेकडे लेखी करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल, तर नॅशनल हाउसिंग बँकेकडे. ग्राहक आयोगाची मुदत २ वर्षांची आहे, आणि बँकेशी ईमेल चालू आहेत म्हणून ती वाढत नाही.

कर्ज अजून चालू आहे त्यांनी आजच एलओडी, म्हणजे बँकेकडे जमा कागदांची यादी, लेखी मागवावी. मूळ कोणते आणि झेरॉक्स कोणती, दस्त क्रमांक आणि पानांची संख्या हे सगळे त्यात असावे. एजंटने दिलेली पोच चालणार नाही, शाखेचा शिक्का हवा.