युद्धभूमीवरच्या प्रेमपत्रांसाठी जतनसंच: पेटी उत्तम, पारदर्शक पाकिटं जपून वापरा

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी खंदकातून प्रेयसीला धाडलेली पत्रं ज्यांच्या संग्रहात आहेत, त्यांनी हा संच जरूर घ्यावा. फक्त सगळी पत्रं पॉलिस्टरच्या पाकिटांत सरकवून मोकळं होऊ नये. संचात आम्लरहित पुठ्ठ्याची पेटी, ही पाकिटं, कागदी फोल्डर आणि सुती फीत मिळते.

शाईच्या पत्रांना पॉलिस्टर झकास. पीव्हीसी प्लॅस्टिकमधून सुटतं तसं आम्ल त्यातून सुटत नाही आणि पत्र बाहेर न काढता दोन्ही बाजू वाचता येतात. पण खंदकातली कितीतरी पत्रं पेन्सिलीची. पॉलिस्टरवर स्थिर वीज साठते, ग्राफाइट कागदावर नुसतं टेकलेलं असतं. पत्र आत-बाहेर केलं की भुकटी पाकिटाला चिकटते आणि आधीच फिकट झालेली सही आणखी पुसट होते. अशा पत्रांना कागदी फोल्डरच द्या, एकात एकच पत्र.

माहितीपत्रकात घड्या सोडवायला सरसकट दमट हवा द्यायला सांगितलंय, ते मात्र साफ चुकीचं आहे. सैनिकांकडे कॉपिंग पेन्सिल असायची. तिच्यात ॲनिलिन रंग असतो. ओल लागली की करडं अक्षर जांभळं होऊन पसरतं. ओळीत मध्येच गडद जांभळा ठिपका दिसला, तर त्या पत्राला पाण्याचा वाराही लागू देऊ नका. घडी हातानं हलकेच उघडा, दोन टीपकागदांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या आणि काही दिवस थांबा. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागदात मुरतो. गंजलेल्या टाचण्या आधी काढा.

लिफाफ्यांसाठी वेगळी सोय नाही, ही मोठी उणीव. लष्कराकडून मिळणाऱ्या खास हिरव्या लिफाफ्यातलं पत्र सैनिकाच्या तुकडीतले अधिकारी वाचत नसत, तपासणी झालीच तर मागच्या तळावर व्हायची. म्हणून त्यात मन जास्त मोकळं झालेलं सापडतं. लिफाफा हरवला की हा संदर्भच गेला. पत्र ‘१४ अ’, लिफाफा ‘१४ ब’ असे क्रमांक मागच्या कोपऱ्यात मऊ २बी पेन्सिलीनं घाला.

भरतकाम केलेली रेशमी कार्डं या पेटीत नकोत. पुठ्ठ्यात आम्ल मारणारं कॅल्शियम कार्बोनेट आहे. ते कागदाला मानवतं, रेशमाला नाही.