स्लाइड शीट, बोर्ड आणि पेशंट लिफ्ट: वॉर्डात बरेच महिने वापरल्यानंतर

लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी रुग्णालयात मी मेडिसिन वॉर्डला सिस्टर आहे. अर्धांगवायूचे आणि स्वतःहून कूस बदलता न येणारे पेशंट आमच्याकडे जास्त. गेल्या पावसाळ्यात वॉर्डात तीन वस्तू आल्या: नायलॉनच्या स्लाइड शीट, ट्रॉलीवरून बेडवर घ्यायचा प्लॅस्टिकचा बोर्ड आणि पेशंटला कापडी झोळीत बसवून उचलणारी, हाताने पंप मारायची हायड्रॉलिक लिफ्ट. डेंग्यूचा सीझन आणि त्यानंतरचा उन्हाळा काढून आता लिहितेय. बजेट कमी असेल तर आधी शीट घ्या, लिफ्टचं नंतर बघू.

आमची कंबर मोडते ती एका साध्या कामानं. डोक्याकडून बेड उंच केला की पेशंट थोड्या वेळात पायथ्याला घसरतो. मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं वॉर्डबॉय मामा, काखेत हात घालून वर ओढायचं. शिवाय दर दोन तासांनी पोझिशन, बेडपॅन, चादर बदलणं आहेच. 70 किलोच्या माणसाचा एक पायच 11 किलोच्या आसपास भरतो. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेच्या संशोधनातून 2007 मध्ये पेशंट हातानं उचलण्यासाठी मर्यादा सुचवली गेली ती साधारण 16 किलोची, तीही पेशंट सहकार्य करत असेल आणि जागा नीट असेल तर. आमच्या वॉर्डात या दोन्ही गोष्टी एकत्र क्वचितच जुळतात. काखेतून ओढल्यानं पेशंटचा खांदाही दुखावतो, लुळ्या बाजूचा तर फार लवकर.

शीट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेली नायलॉनची पिशवी, आतून गुळगुळीत. पेशंटला कुशीवर करून अर्धी घडी पाठीशी सरकवायची, दुसऱ्या कुशीवर करून उलगडायची. बेड सपाट करायचा, चाकांचे ब्रेक लावायचे, उशी काढून डोक्याकडच्या कठड्याला टेकवायची. मग वरचा पदर कमरेच्या उंचीवर धरून, एक पाय पुढं एक मागं ठेवून, अंगाचा भार मागच्या पायावर टाकायचा. हातांनी ओढायचं नाही, आपण मागं झुकायचं. पेशंट सुर्रकन वर जातो. पहिल्यांदा बघणारी वॉर्डातली मावशी म्हणाली, "अगं बाई, काहीच जोर लागला नाही की!" काढताना खालचा पदर कोपऱ्यातून स्वतःच्याच खाली दुमडत ओढायचा, पेशंटला परत हलवावं लागत नाही.

खरी परीक्षा उन्हाळ्यात झाली. घामानं पाठ गादीच्या रेक्झिनला चिकटते, अशा वेळी ओढलं की चामडी सोलते आणि बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथूनच होते. शीटवर पेशंट घासला जात नाही, सरकतो. मात्र काम झाल्यावर ती काढलीच पाहिजे. खाली तशीच राहिली तर पेशंट बेडवरून घसरून पडू शकतो. एका नातेवाइकानं रात्री ती बाकड्यावर अंथरली होती, बिचारा झोपेत खाली आला. तेव्हापासून शीट कपाटात, किल्ली माझ्याकडे.

तक्रार धुलाईची. इतर चादरींबरोबर ब्लीचमध्ये गेलेल्या शीटचा गुळगुळीतपणा लवकर गेला. आता वेगळी पिशवी देतो, आणि एका पेशंटची शीट न धुता दुसऱ्याला वापरत नाही.

बोर्डाबद्दल थोडक्यात: उत्तम. आपल्याकडे चौघं नातेवाईक चादरीची झोळी करून पेशंट उचलतात, चादर फाटली की संपलं. बोर्ड ट्रॉली आणि बेडमधल्या फटीवर पुलासारखा बसतो. ट्रॉली बेडपेक्षा किंचित उंच ठेवा.

लिफ्ट बहुतेक वेळ कोपऱ्यात उभी असते. तिचे पाय बेडखाली जावे लागतात आणि आमच्या बेडखाली नातेवाइकांच्या पिशव्या, चटया, भाकरीचे डबे. एक आजोबा झोळीत बसायलाच तयार नव्हते: "मला काय क्रेननं उचलायलात का?" पण बाथरूमसमोर पडलेल्या एका जाड पेशंटला जमिनीवरून उचलताना हिनंच लाज राखली. हातपंपाची घेतली ते बरं केलं, लाइट गेली तरी चालते. झोळी पेशंटच्या मापाची हवी, मोठी झाली तर माणूस त्यातून निसटतो.

कमरेच्या पट्ट्यावर पैसे घालू नका. धडधाकट माणसाची कंबर त्यानं वाचते असा पुरावा नायॉशला 1994 मध्येही सापडला नव्हता. 'गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा' एवढं ट्रेनिंगही पुरत नाही, कारण बेडवर वाकून पेशंट ओढताना गुडघ्यात वाकायला जागाच नसते. आमचे जुने बेड ठरावीक उंचीचे आहेत, तिथं शीट असूनही मला वाकावंच लागतं. उंची कमी-जास्त होणारे बेड फक्त आयसीयूत. आणि नाईटला एकच सिस्टर ठेवून शीट दिली, तर दुसऱ्या बाजूनं ओढणार कोण?

डिस्चार्जच्या वेळी अर्धांगवायूवाल्यांच्या घरच्यांना आता शीट लावायला शिकवते, कारण घरी बायको किंवा सून एकटीच उचलत असते. गावाकडं बाज असेल तर आधी वर कडक गादी घाला म्हणून सांगते. बाजेची वीण मधे खचते, तिच्यावर शीट नीट सरकत नाही.